मुलाखतीत दिलेली साक्ष

हे दयाघना, शब्द तुझा, वाणी तुझी, ऐकणाऱ्यांचे कानही तुझेच. बोलण्यात काही उणं निघालं तर सांभाळून घे.

...तर नाहीच घेतलं हो तिला. तुम्हाला सांगतो, काष्टीच्या आपल्या इसहाक आबांची नात ग्रेस, तिला त्या कंपनीनं नाही म्हणजे नाहीच घेतलं, आणि आता जो भेटतो तो म्हणतो, म्हाताऱ्यानं पोरीचं नुकसान केलं. म्हाताऱ्यानं केलं काय? तर पोरीला खरं बोलायला शिकवलं. मंडळी, तुम्हीच सांगा, यात आबांचं काय चुकलं?

आबा म्हणजे कोण, तर चर्चमध्ये भजन सुरू झालं की टाळ ज्यांच्या हाती ते. पेटीवर ग्रेस. संतांचे अभंग तोंडपाठ, आपल्या मंडळीतले आणि शेजारच्या देवळातलेही. नम्रता कुठंही सापडो, आबा ती उचलून घरी आणणार. अशा घरात वाढलेली पोर बारावी झाली, आणि कॉलेजात बातमी आली की एक कंपनी बारावीच्या मुलांना कामावर घेते आणि काम करता करता इंजिनिअरही करते. ग्रेसला दुसरं काही नकोच होतं. लहानपणापासून घरातलं जे यंत्र बंद पडेल ते तिनं उघडलेलं. पण तिचे वडील जॉन, टेम्पो चालवतात, ते स्पष्ट म्हणाले, "आबा, हे न्हाई जमलं तर क्रिस्टीनाच्या पार्लरात बसंल ती. रिकामी ठिवायची न्हाई." आणि आत्याच्या पार्लरात बसून लोकांच्या भुवया कोरायच्या, या विचारानंच पोर ताटावरून उठायची.

मग कॉलेजच्या कानिफनाथ सरांनी मुलाखतीचा वर्ग घेतला. भला माणूस, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून बोलणं कसं झालंय, "मित्रांनो, ताठ बसा, डोळ्यांत बघा, स्वतःला विका." स्वतःला विका... हे पोरांना शिकवायचं? आणि पुढं म्हणे, "तुमचा दोष कोणता असं विचारलं की सांगायचं, सर, मी फार मेहनत करतो, हाच माझा दोष."

ग्रेसनं घरी येऊन हे घोकायला घेतलं, आणि आबांच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"व्हय गं, ह्यो दोष हाय?"

"न्हाई आबा. दोषासारखा दिसणारा गुण हाय."

"म्हंजी खोटंच की."

"खोटं न्हाई वो आबा, मुलाखत हाय."

त्या दिवसापासून आबांनी शिकवणी आपल्या हाती घेतली. आपल्यात रविवारी एखादा उभा राहतो, आपण कसे चुकलो आणि देवानं कसं सावरलं हे सगळ्यांपुढं सांगतो, त्याला आपण साक्ष म्हणतो. आबांच्या दृष्टीनं, चार मोठ्या माणसांपुढं स्वतःविषयी बोलायचं म्हणजे साक्षच, दुसरं काय? आधी आभार, मग आपले दोष, शेवटी ज्यानं दिलं त्याला श्रेय. आणि 'मी' म्हणताना मान खाली. ग्रेसनं ते असं उचललं की ऐकताना आबांचे डोळे भरले. आता सांगा, यात आबांचं काय चुकलं?

मुलाखत घ्यायला समोर कंपनीच्या फलक नावाच्या मॅडम. नगरच्याच, हुशार बाई, शेजारी एक चष्मेवाले साहेब. आधी गेलेली सगळी पोरं फार मेहनत करण्याच्या दोषानं पछाडलेली. साहेबांना जांभई आवरेना. तेवढ्यात ग्रेस आत गेली. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बस. स्वतःविषयी सांग."

ग्रेस बसलीच नाही. हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाली, "मी अपात्र आहे."

मॅडमनी घाईघाईनं कागद उलटले. "अगं, अपात्र कुठं? चांगले गुण आहेत की तुला. भौतिकशास्त्रात तर..."

"ते भीमाबाई मॅडमचे आहेत. त्यांनी शिकवलं म्हणून मिळाले. माझं काही नाही."

"बरं... दोष?"

दोष विचारल्यावर काय, आबांची शिकवणी ती. हाक मारल्याशिवाय उठत नाही, राग लवकर येतो, प्रयोगाच्या परीक्षेत शेजारणीचं बघून आकडे लिहिले, प्रार्थनेत मन भटकतं... साहेबांची जांभई पळाली, चष्मा खाली आला. मॅडम म्हणाल्या, पुरे. ही म्हणते, अजून आहेत. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आम्ही तुला का घ्यावं?"

आणि मंडळी, पोरीनं डोळे मिटले आणि सांगितलं, "माझी नको, तुमची इच्छा पूर्ण होवो."

झाली की हो पूर्ण. घेतलीच नाही.

कानिफनाथ सर संध्याकाळी घरी आले, तोंड उतरलेलं. "आबा, देवापुढं वाकायचं आणि कंपनीपुढं ताठ राहायचं, एवढं तरी तिला सांगायचं होतं." आबा म्हणाले, "सर, दोन पाठी कुठनं आनू?" बिनतोड वाटलं आम्हाला. पण मग सर हळूच म्हणाले, "मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, पोरगी खरी आहे, पण चालतं मशीन हाती द्यायचं तर तिला स्वतःचा भरवसा हवा. मला एवढं येतं, असं एक वाक्य बोलली असती तरी घेतली असती."

आबांनी टाळ पिशवीत घातले. त्या रविवारी भजनात ते नुसते बसून राहिले. बुधवारी पार्लरच्या दारात जाऊन उभे राहिले. आत ग्रेस, दातांत दोरा, समोर कुणाची तरी भुवई, आणि डोळे मात्र आत्याच्या बंद पडलेल्या ड्रायरवर. आबा दारातूनच परतले.

दुसरी एक कंपनी दिवाळीनंतर येते आहे म्हणतात. म्हणून ग्रेस घरी येताच आबांनी तिला समोर बसवलं. "सांग, तुला काय येतं?"

पोरीनं मान खाली घातली. "न्हाई सांगता येत, आबा. त्वांडातून निघतच न्हाई."

मग आबाच बोलायला लागले. आधी अडखळत, जमिनीकडं बघत, आणि मग थांबेनातच. पेटीचा भाता फाटला तवा कुनी शिवला, टेम्पो चढाला बंद पडला तवा वायर कुनी हुडकली, शेजारच्या बिबीजानच्या मिक्सरमधला बिघाड नुसत्या आवाजावरनं कुनी वळखला, घरात दोघं अबोल झाले की पयला चहा कोन टाकतं... ग्रेस ऐकत राहिली. डोळे पुसून म्हणाली, "आबा, हे सगळं मला आदी कदी का न्हाई सांगितलं?"

आबा म्हणाले, "पोरी, माझी मुलाखत कुनी घेतलीच न्हाई."

तर मंडळी, यात आबांचं काय चुकलं, हे आता मी विचारत नाही. आबाच विचारतात, रोज, स्वतःला.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी सुख नांदो, लेकराबाळांच्या हाताला काम आणि मनाला उभारी मिळो, आणि त्यांचं कौतुक त्यांच्यापुढं करायची बुद्धी तो दयाघन प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांना वेळेवर देवो.