आस्ताला आइसलँड दाखवताना

...आणि नेमकं तेव्हाच मरायचं होतं का हो त्याला? सबंध हिवाळा बरं होतं. इथून कॅनडातून, आमच्या गिमली गावाहून निघालो, हडसनचा उपसागर झाला, ग्रीनलँडचा बर्फ झाला, तेव्हा काही नाही. आणि आता आइसलँडचा किनारा ढगांखालून वर येणार, आमची आस्ता चष्मा पुसून पुढे सरसावलेली, तेवढ्यात पडद्यावर जांभळ्या रेघा आल्या, आत काहीतरी टिचकलं आणि अंधार. कॉम्प्युटरमधलं चित्र काढणारं कार्ड गेलं. इंजिनाची घरघर मात्र मजेत चाललेली. तुम्हाला सांगतो, विमान उडत होतं, फक्त दिसत नव्हतं.

आता म्हणाल, खेळातलंच विमान ना, मग थांबवायचं. थांबवायचं? आमच्या घरबसल्या विमानं उडवणाऱ्यांच्या मंडळात एकदा हवेत गेलं की थांबवणं नसतं. प्रवासाला खरा लागेल तेवढा वेळ, बाहेर असेल तीच हवा, आणि पडलात तर पुन्हा घरापासून सुरुवात. शिवाय आम्हाला हा खेळ नव्हताच हो. आस्ता माझी बायको. तिचे वडील तिकडच्या एका खाडीकाठच्या गावातून मॅनिटोबात आले, ते गाव बघायची तिला जन्माची ओढ, आणि खऱ्या विमानाची शिडी दिसली की हिचं पाऊल वर पडत नाही. तिकिटं हातात असताना विनिपेगच्या विमानतळावरून परत आणलीय मी तिला. म्हणून हा घाट. रोज दुपारचं जेवण झालं की माझ्या शेजारी तिची खुर्ची, मांडीवर विणकाम, आणि एका विमानतळावरून पुढच्यापर्यंत, असं थोडं थोडं पुढे.

मग मी काय करावं? रेडिओवर संकटाची हाक दिली. आमच्यात विमानांना वाट दाखवणारेही हौशीच असतात. त्या दिवशी हॅलिफॅक्सची म्युरिएल होती. ती एकदम सरकारी आवाजात, "इंजिन बंद पडलंय का?" म्हटलं, ठणठणीत आहे. "मग धुकं?" धुकं कॉम्प्युटरच्या पेटीत आहे, बाई. "विमानात माणसं किती?" दोन, त्यातलं एक कॉफी करायला गेलंय.

हसली नाही हो ती. "ऐका. डावीकडे वळा... हळू... आता खाली या..." मी काळ्या पडद्यासमोर शहाण्यासारखा वळतोय, आणि आस्ता कॉफी घेऊन आली, डोळे मिटून बसली आणि बोलायलाच लागली, "पाण्यावर ऊन पडलंय बघ... उतारावर मेंढ्या आहेत... कुणीतरी कपडे वाळत घातलेत..." मला दिसायला लागलं हो सगळं! वाटलं, उतरूच नये. विमान उडत होतं, फक्त दिसत नव्हतं, आणि इतकं सुंदर मी आयुष्यात उडालो नव्हतो. मग चाकं धपकन टेकली. म्युरिएल म्हणाली, "स्वागत आहे. आता नवीन कार्ड घ्या." गाव मात्र डोंगरापलीकडेच राहिलं.

आणि कार्ड मिळतं का? दुकानातली बाई म्हणते, "आजोबा, ती सगळी हल्ली यंत्रांना अक्कल शिकवणारे उचलतात." म्हटलं, मला बायकोला गाव दाखवायचंय. म्हणते, "मग नकाशा देऊ?" शेवटी वापरलेल्या कार्डाची जाहिरात बघून, बर्फावर दगड घसरवत खेळतात त्या कर्लिंगच्या क्लबाच्या दारात एक गृहस्थ गाठला. त्याला जुळी झालेली, कॉम्प्युटरवर खेळायला सवड नाही. लेक सासरी धाडावी तसं त्याने ते कार्ड माझ्या हातात दिलं. "जपा हो. धूळ सोसत नाही त्याला."

घरी आणलं तर पेटीत मावेना, आतला पत्रा करवतीने कापला. लावलं, डोंगरापलीकडच्या गावाकडे उडालो, आणि काय सांगू... ढग असे की हात घालावा. ऊन पंखावरून घरंगळतंय, खाली लाट न् लाट वेगळी. मी हरखून वळून बघतो तर आस्ता पांढरीफटक, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. "मागनुस, मला खाली उतरव."

"अगं, शेजारी आपलं स्वयंपाकघर आहे."

"ते इथून फार खाली आहे."

काय करता? बटणं दाबून चित्रातलं ऊन काढलं, ढग काढले, लाटा पुसल्या, डोंगरांची खोकी झाली. तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. खोक्यांच्या पायथ्याशी एक तपकिरी ठिपका होता, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे बाबांचं घर," आणि पोटभर रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात? तेव्हापासून ते एवढं दांडगं कार्ड माझ्या पेटीत बसून ठिपके काढतंय, आणि त्या जुळ्यांच्या बापाचा फोन आला की मी सांगतो, हो हो, ढग फार छान दिसतात.