बर्फासाठी पासपोर्ट

आखाती युद्धाच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते, आधीच हसू नका. आम्ही सौदी अरेबियात राबिघला होतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्हाला जपानला जायचं होतं. ह्यांच्या जपानी सहकाऱ्याचं गाव मात्सुमोतो. आधी तिथला काळा किल्ला, मग जवळच्या डोंगरावर बर्फात स्कीइंग, असा सगळा बेत मी वहीत लिहून काढला होता. पण पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ह्यांच्या अरब मालकाच्या, कपाटात होते आणि युद्धामुळे तो कुणालाच सोडत नव्हता.

हे म्हणाले, “आई आजारी आहे म्हणून सांगू या.”

“अहो, सासूबाई ठणठणीत आहेत. अभद्र बोलू नका!”

कफीलसमोर मी वही उघडली आणि त्याला कळणाऱ्या हिंदीत खरं तेच सांगितलं. तो पोट धरून हसला.

“मॅडम, या महिन्यात सगळ्यांच्या आया आजारी आहेत. बर्फात घसरायला जायचंय म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पळून जाणारा माणूस असलं कारण देईल का?”

पासपोर्ट माझ्या हातात देत तो म्हणाला, “यल्ला, जा! पण घसरतानाचा फोटो आणून दाखवा.”

आणला ना! त्यात मी उभी आहे आणि हे आडवे.