अलीकडच्या काठावरचा बाक

— नाही, नाही, बस ना. बाक काही माझ्या बापाचा नाही. थांब, पिशवी घेते इकडे. आणि कुजबुजतेस कशाला गं? मोठ्यानं बोल. पक्षी उडतील — हे तुला नवऱ्यानं शिकवलं असणार, हो ना? तोच ना तो, नवीकोरी टोपीवाला, पूल ओलांडून पलीकडे गेला आत्ता? तुला इथे बसवून? वाटलंच मला. उडू देत की! पंख कशाला दिलेत त्यांना? मी तर मुद्दाम मोठ्यानं बोलते, दर रविवारी. शेजारी कुणी नसलं तर फोन कानाला लावते आणि बंद फोनवर बोलते — हसू नकोस, खरं सांगते.

ही घे दुर्बीण. समोर बघ, तो पाण्याचा मोठा पाइप दिसतो ना, त्याच्या डावीकडे, कारखान्याच्या भिंतीला लागून. मातकट कपड्यातली माणसं. त्यांच्यात तो उंच, खांद्यातून वाकलेला — तो माझा नवरा. होता. आधी मी त्याला 'अहो' म्हणायचे, आता 'तो' म्हणते. कोर्टातून मला मिळालं ते एवढंच. आणि त्याच्या शेजारी थर्मास धरून उभी आहे ना, ती दातांची डॉक्टरीण. माझीच डॉक्टरीण गं! ही मागची दाढ तिनंच काढली. दाढ काढताना निदान भूल तरी दिली होती.

काय बघतायत? अगं, या मधल्या पाणकणसाच्या बेटात एक तपकिरी बगळा राहतो. जरा चाहूल लागली की मान ताठ वर करून उभा, पक्षी आहे का वाळकी काडी कळूच नये. त्याच्यासाठी हे सगळे ध्यान लावून बसतात, आणि म्हणून मी इथून बडबडते. होऊ दे त्यांचा विचका. मला काय?

मीही जायचे ना पूर्वी त्याच्याबरोबर. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी म्हणाला, चल, नदीवर जाऊ. मला वाटलं फिरायला नेतोय — मी आपली लाल स्वेटर घालून, नटूनथटून तयार. दारातूनच परत पाठवलं, लाल नको, पक्षी बुजतात. बदलला. बोलायचं नाही म्हणाला, मूग गिळून बसले. नणंद म्हणायची, "वहिनी, दादाला पक्ष्यांचा नाद आहे, बाटलीचा नाही, नशीब समजा" — समजले नशीब. तेव्हा मला खोकला होता, जुनाट. तर हा खिशात खोकल्याच्या गोळ्या ठेवायचा. उबळ आली की दुर्बिणीतून डोळा न काढता हात मागे करायचा, तळहातावर गोळी. मी आईला कौतुकानं सांगायचे, किती जपतात मला! मग एकदा ताप आला, बुधवार-गुरुवार असेल, खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या, म्हटलं, अहो, एक गोळी द्या ना. तर म्हणाला, "त्या रविवारच्या आहेत." — हो. असंच म्हणाला. रागावून नाही हां, अगदी साध्या आवाजात.

पण बाक मात्र माझा. हा बाक त्यानं माझ्यासाठी शोधला. गुडघा दुखायला लागला होता माझा, तर म्हणाला, तू कशाला चिखल तुडवतेस, इथे अलीकडे बस निवांत, फोनवर बोल, गाणी म्हण, मनात येईल ते कर. बोल म्हणाला गं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी रडले त्या दिवशी — त्याला नाही दिसलं, तोपर्यंत तो पुलावर पोचला होता. म्हणून येते मी. त्याला बघायला नाही — बरं, त्याला बघायलाही. पण घर गेलं, नणंद तुटली, भांडीकुंडी वाटून झाली. त्यानं फक्त माझ्यासाठी म्हणून केलेली गोष्ट एवढीच उरली, ती कशी सोडू? आणि त्या डॉक्टरिणीला बघ, घोट्याएवढ्या चिखलात उभी. तिला नाही शोधला बाक.

काय? — कोण म्हणालं? तुझा नवरा? नीट सांग, घाबरू नकोस. इथे माणूस बसलं, बोललं, हललं की बगळा या काठाला थांबत नाही... सरकत सरकत पलीकडे उघड्यावर जातो. म्हणून अलीकडे कुणालातरी बसवायचं. सगळेच करतात? बायको आणली तर बायकोला बसवायचं — असं म्हणाला तो? हसत? आणि तूही हसलीस. हसणारच गं, नवी आहेस.

थांब. जरा थांब हं. मग तो तिकडून हात वर करायचा, ते? मधूनच, हळूच, एक हात. घरात कधी नुसती मान वर करून बघितलं नाही माझ्याकडे, आणि तिथून हात करायचा. मी गुडघा धरत उभी राहायचे, दोन्ही हातांनी रुमाल हलवायचे वेड्यासारखी. मग तिकडे सगळे कॅमेरे वर व्हायचे. मला वाटायचं, त्यात एखादा माझाही फोटो असेल.

आणि आता हे इतके रविवार... मी इथे बसून घसा फोडते, आणि तो एकदाही ओरडला नाही, गप्प बस म्हणाला नाही. मला वाटलं, लाज वाटत असेल त्याला.

नको, दुर्बीण राहू दे तुझ्याकडेच. मला नको. — तो टोपीवाला तुझाच ना? हात करतोय बघ. तुला. आपण गप्प झालो ना, म्हणून. — नको. अगं नको, हात खाली घे. खाली घे म्हणते ना! बस. अशीच, माझ्याजवळ. हलू नकोस. आणि आता एक अक्षर बोलायचं नाही.