रत्नम्मा कोठे होती याबाबत पुरवणी जबाब

मी, गुरुपादप्पा मल्लिकार्जुन बिरादार, वय ४९ वर्षे, धंदा शेती, राहणार बोरकल्लूर, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड, आज दिनांक १६ एप्रिल २०२४ रोजी ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की, गुरुवारी सकाळी आंघोळ करून मी लिंगपूजेला बसलो. त्याआधी माझी पत्नी रत्नम्मा टँकरला घागरी लावायला गेली असता मी कपाटातून तिचा पासपोर्ट काढला आणि माझ्या पूजेच्या घोंगडीच्या घडीत ठेवला. त्या घोंगडीला घरात कोणी हात लावत नाही. मग तिच्यावरच बसून मी पूजा केली.

शनिवारी मी पत्नीसोबत याच ठाण्यात आलो होतो. पासपोर्ट देगलूरच्या बसमध्ये पडला असावा, असे मी तेव्हा सांगितले. ते खोटे होते.

असे का केले, हे विचारल्यावरून सांगतो की, आमची एकुलती मुलगी शिवकांता लातूरला नर्सिंग शिकली. आता ती नवऱ्यासोबत इंग्लंडमध्ये असते आणि तेथे दवाखान्यात नोकरी करते. ती गरोदर असून पुढच्या महिन्याच्या शेवटी बाळंत होईल. पहिले बाळंतपण आईने करायचे असते. मुलीला इकडे येता येत नाही म्हणून रत्नम्माने तिकडे जायचे ठरले.

२०१५ साली आमची विहीर आटली, बोअरलाही पाणी लागले नाही. मुलीचे शिक्षण नुकतेच सुरू झाले होते. तेव्हा रत्नम्मा दोन वर्षे कुवेत येथे लोकांच्या घरी स्वयंपाक व धुणीभांडी करण्यासाठी गेली होती. पासपोर्ट तिच्या भावाच्या पत्त्यावर काढला होता. ते गाव तेव्हा निजामाबाद जिल्ह्यात होते, आता नव्या कामारेड्डी जिल्ह्यात आहे. त्यामुळे पासपोर्टची पोलीस चौकशी आमच्या गावात आली नाही. तिची आई अंथरुणाला खिळली म्हणून रत्नम्मा माहेरी गेली आहे, असे मी गावात सांगितले. आई आजारी होती, तेवढे खरे होते. दुसऱ्या वर्षी ती वारली. रत्नम्माला येता आले नाही. गावातले लोक मला भेटायला आले आणि म्हणाले की, लेक उशाशी होती, म्हातारी नशिबाची. मी मान हलवली. रत्नम्मा परत आल्यावर बायका तिलाही तेच म्हणाल्या. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिनेही मान हलवली.

मागच्या मंगळवारी आम्ही देगलूरला रामकिशनच्या कॉम्प्युटर सेंटरवर व्हिसाचा अर्ज भरायला गेलो. दुष्काळी अनुदानाच्या केवायसीसाठी तेथे गर्दी होती. आमच्या गावचा दगडोबाही बसलेला होता. अर्ज इंग्रजीत असल्याने रामकिशन एकेक प्रश्न मोठ्याने मराठीत विचारत होता. गेल्या दहा वर्षांत कोणत्या देशात गेलात, कधी, कशासाठी, असे त्याने विचारले. रत्नम्मा सांगणार तेवढ्यात मी म्हणालो, "कुठं न्हाई. हैद्राबादच्या पुढं गेली न्हाई ती."

रामकिशन म्हणाला, "हैद्राबाद आपल्यातच हाय काका अजून. ते नाव घालता येत न्हाई." लोक हसले. मीही हसलो. पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स लागेल, असे त्याने सांगितले. त्या पानांवर कुवेतचे शिक्के आहेत. पासपोर्ट घरी आहे असे सांगून मी उठलो. तो तेव्हा रत्नम्माच्या पिशवीत होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, "फारमात मी खोटं लिहिणार न्हाई. चोरी केली का मी तिथं?" मी म्हणालो की, दगडोबासमोर तुझी भांडी कशाला काढायची. ती म्हणाली, "माझी भांडी न्हाईत ती. तुमची लाज हाय." पासपोर्ट हरवला म्हणजे नवा मिळेल आणि त्याची पाने कोरी असतील, असा विचार मी केला.

रत्नम्माने दोन दिवस घर शोधले. ज्वारीची पोती रिकामी केली. कपाटात ठेवल्याचे मला आठवते, पण माझ्याच हातून कुठे पडला असेल, असे ती मुलीला फोनवर म्हणाली. नवा पासपोर्ट आणि मग व्हिसा, तोवर दिवस भरतील, असे मुलीने सांगितले. शेवटी ती म्हणाली, "राहू दे अव्वा. इथल्या नर्सा असतात की." फोन ठेवल्यावर रत्नम्मा पोती पुन्हा भरत बसली. मी तेथेच होतो. रविवारी रामकिशनचा फोन आला. अर्जात काही लपवलेले पुढे निघाले तर दहा वर्षे बंदी घालतात, सगळे नीट आठवून सांगा, असे तो म्हणाला.

दर सोमवारी संध्याकाळी गावच्या मठात वाचन असते. ते मी करतो. काल कायकाचा भाग होता. हाताने केलेले प्रामाणिक काम हीच पूजा, मग ते कोणतेही असो, अशा अर्थाचा तो भाग आहे. मी तो बऱ्याच वर्षांपासून वाचतो. काल दोन ओळी वाचून मी पोथी मिटली आणि रत्नम्मा कोठे होती व तेथे काय काम करत होती, ते सर्वांसमोर सांगितले. पासपोर्ट कोठे आहे तेही सांगितले. रत्नम्मा बायकांत बसली होती. मग आमच्या शेजारच्या धुरपताबाईंनी तिला विचारले, "मंग तुझ्या आईच्या तोंडात पाणी कुणी घातलं गं?"

रत्नम्मा म्हणाली, "भावजयीनं."

हे मी तिला आजवर विचारले नव्हते.

मठातून घरी येऊन मी पासपोर्ट घोंगडीतून काढून तिच्या हातात दिला. तिने सगळी पाने पाहिली आणि पदराने पुसून पिशवीत ठेवला. आज सकाळी मी पूजा केली नाही. आम्ही आधी रामकिशनकडे गेलो. परदेशाच्या त्या प्रश्नाचे उत्तर रत्नम्माने स्वतः सांगितले आणि अर्ज आज पाठवला आहे. दगडोबा आजही रांगेत होता. त्याने तिला बसायला जागा दिली. पासपोर्ट आपल्यासमोर हजर केला असून गहाळ झाल्याची तक्रार रद्द करावी, अशी विनंती आहे. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. माझ्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे काय, असे हवालदारांनी पत्नीला विचारले. तिने व्हिसा मिळाला तर पुरे, असे सांगितले.

जबाब टाइप करताना हवालदारांनी पत्नीबाबत 'नोकरीनिमित्त कुवेतला' असे घेतले होते. मी सांगितल्यावरून ते काढून 'लोकांच्या घरी स्वयंपाक व धुणीभांडी करण्यासाठी' असे केले आहे. त्यानंतर पूर्ण जबाब माझ्या विनंतीवरून दार उघडे ठेवून मोठ्याने वाचण्यात आला. रत्नम्मा बाहेर बाकावर बसून ऐकत होती. तो मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे.