बंगळुरूच्या गृहस्थांची शिफारस

तुमचा विश्वास बसणार नाही, पण हे माझ्यासमोर घडले. घुग्घुसच्या खाणीत काम करणाऱ्या आमच्या नातवाने, प्रफुल्लने, चांगल्या नोकरीसाठी मोबाइलमधल्या एका ॲपवर आपली माहिती टाकली. तिच्याखाली बंगळुरूच्या कोणा गृहस्थांनी लिहिले होते, ‘प्रफुल्ल वेळेचा पक्का.’

“यांनी तुला कधी पाहिले?”

“नाई आजी. मी त्याले चांगला म्हणलो, त्यानं मले.”

मी त्याच्याकडूनच त्या ॲपवर माझे खाते उघडून घेतले आणि लिहिले, ‘मी याची आजी. हा सकाळी वेळेवर उठत नाही. मात्र हाती घेतलेले काम अर्धवट सोडत नाही.’

“काऊन लिवलं, आजी? गेली माही नोकरी!”

चौथ्या दिवशी कंपनीच्या साहेबांचा त्याला फोन आला, आणि त्यांनी फोनवर मलाच बोलावले.

“आजी, खरंच उठत नाही?”

“नाही.”

“मग दुपारची पाळी देतो.”