जोशींची घरगुती स्पीकर वायर

वायरीने आवाज सुधारतो का, हे आमच्या जोशींना चुकूनही विचारू नका. निवृत्तीनंतर त्यांनी स्पीकरच्या वायरी घरीच केल्या. एक टेलिफोनच्या तारेची, एक जुन्या कूलरच्या वायरीची, एक इंटरनेटच्या तारांची वेणी घालून.

वहिनींनी बजावलं, “परक्या माणसाला फरक कळला तर ठेवा, नाहीतर सगळ्या भंगारात.”

म्हणून भिंतीपलीकडच्या ग्रेवालजींना पंच नेमलं. त्यांनी पाठ फिरवून ऐकायचं, जोशींनी वायरी बदलायच्या.

पहिल्या दोन्हींना ग्रेवालजी म्हणाले, “सेम है जी.”

जोशींना घाम फुटला. घाईत तिसरी वायर नीट बसलीच नाही. स्पीकर चिडीचूप.

ग्रेवालजींनी डोळे मिटून मनापासून ऐकलं. “वाह जी, अब आया फर्क! बस, यही लगी रहने दो.”

वहिनींनी ती वायर तिथल्या तिथे मंजूर केली.