डांबराचं पिंप आणि दोन जावा

आयांनो, बापांनो, एक सांगा! डोक्यावरचा भारा खाली टाकला, की मान लगेच हलकी होते? नाही ना? घटकाभर ठणकतेच! मग मनाच्या पाठी एवढी घाई कशाला?

चाळीस वर्षं झाली, पण अजून डोळ्यांपुढे दिसतंय. आमच्या कातळेवाडीत सगुणा आणि अनसूया, सख्ख्या जावा. थोरल्या सगुणेनं भर पंगतीत धाकटीला वांझ म्हटलं! बारा वर्षं अनसूयेनं तिचा उंबरा ओलांडला नाही. पुढं सगुणेच्या लेकीचं, कुमुदचं, लग्न ठरलं, तशी सगुणेनं जाऊन जावेचे पाय धरले. ‘चुकले गं!’ अनसूया म्हणाली, ‘बरं.’ बस्स! एवढंच! पण उंबरा काही ओलांडला नाही!

इकडे कुमुदचा हट्ट — ‘काकूचा हात लागल्याशिवाय हळदीचं जातं फिरायचं नाही!’

सगुणा तापली. गळक्या पत्र्याला लावायला ती रस्त्याकडेला कलंडलेल्या पिंपातलं डांबर फोडत होती. घातला घाव — ठाण! काचेगत ठिकऱ्या! ‘पाय धरले, आता नाक घासू? ओढूनच आणते तिला!’

कुमुद शहरात भूशास्त्र शिकत होती. म्हणाली, ‘आई, घाव घातलास तर फुटलं. आणि तेच डांबर पिंपाच्या तोंडातून बघ — वर्षभरात हातभर वाहत आलंय! पृथ्वीचंही असंच. वरचं कवच ताण असह्य झाला की तडकतं. खालचा खडकही घट्टच, पण युगायुगांच्या भारानं सरकतो. उत्तरेकडे बर्फाच्या डोंगरांनी भुई दबली होती. बर्फ वितळून दहा हजार वर्षं झाली, ती अजून वर येतेय!’

‘दहा हजार?’ सगुणा ओरडली. ‘अगं, हळद उद्या आहे!’

हसा, मंडळी, हसा! पण बाई रात्रभर विचार करत राहिली हो.

सकाळी जात्याभोवती पाच पाट मांडले. चौघी बसल्या, एक पाट रिकामा. ऊन ओट्यावर आलं. बायका कुजबुजल्या, ‘बोलावणं धाडा की! नाहीतर दुसरी बसवा!’

सगुणा म्हणाली, ‘बोलावणं गेलंय. आता ती तिच्या पायांनी येईल. थांबा!’

थांबले हो सगळे! आणि दारात बांगड्या वाजल्या. अनसूया! पाटाकडे बघून म्हणते कशी, ‘जाऊबाई, पाट डुगडुगतोय. बारा वर्षांत एक पाट धड मांडता येईना तुम्हाला?’

अहो, काय हशा पिकला! जातं असं गरगरलं, की हळद पार आढ्याला लागली!

आता तुम्ही सांगा. कुणाची माफी मागितलीत? उत्तम केलंत! पण ‘अजून हसत का नाहीस’ म्हणून त्याच्या उरावर बसलात, तर तो नवा भारच की! उठा, घरी जा, त्याच्यासाठी पाट मांडा — आणि गप्प बसा. बोला, जय हरी!